हातातून सुटल्यानंतरचं विमान

डिसेंबर-जानेवारीत मुंबईतल्या शाळांमधून विज्ञान प्रदर्शनं भरतात. ज्वालामुखी, जलशुद्धीकरण, पर्जन्यजल संधारण या नेहमीच्या मंडळींच्या शेजारी एखाद्या टेबलावर हमखास विमानं असतात. कार्डशीटवर चिकटवलेली पाच-सहा कागदी विमानं, खाली स्केचपेनने लिहिलेली नावं, आणि मागे चार बाणांचा तक्ता: उचल, वजन, रेटा, ओढ. टेबलामागची दोन मुलं तो तक्ता घडाघडा म्हणून दाखवतात. मेहनत घेतलेली दिसते. पण विमानं चिकटवलेली असतात. ती किती वेळा फेकली, कुठे पडली, का पडली, मग काय बदललं, असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. हा प्रश्न त्यांना त्याआधी कुणी विचारलेलाच नसतो.

याची हळहळ वाटते, कारण शाळेत करता येण्याजोग्या प्रकल्पांत इतका उदार विषय दुसरा क्वचितच असेल. साहित्य म्हणजे कागद. बिघडलं तर दुसरा कागद. रोपाच्या वाढीवरच्या प्रकल्पाला आठवडे लागतात. इथे फेकल्यापासून तीन सेकंदांत निकाल लागतो, आणि तो निकाल कुणाच्या मर्जीवर नसतो. सातवीतलं मूल एका दुपारी पन्नास प्रयोग करू शकतं. घडी घालणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. विमान खरं घडतं ते पहिल्यांदा फेकल्यानंतर, दर फेकीला मिलिमीटरभर बदलत बदलत. प्रकल्पाचं सगळं विज्ञान त्या बदलांत आणि त्यांच्या नोंदीत असतं.

चार बाणांशेजारी बहुतेक वेळा आणखी एक आकृती असते. पंखाचा छेद, वरून फुगीर, खालून सपाट. मजकूर असा, की वरच्या हवेला लांबचा रस्ता कापून खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेला पोचायचं असतं, म्हणून ती वेगाने जाते आणि वरचा दाब कमी होतो. हे चूक आहे. दोन्हीकडच्या हवेने एकाच वेळी पोचावं असा कुठलाच नियम नाही. मोजून पाहिलं तर वरची हवा आधीच पोचलेली असते. आणि याचा पुरावा त्याच टेबलावर असतो. कागदी विमानाचा पंख सपाट असतो, वरची आणि खालची लांबी सारखीच, तरीही ते उडतं. पंख हवेत किंचित तिरका चालतो, हवेला खाली वळवतो आणि त्या बदल्यात त्याला वर उचल मिळते. वरचा दाब कमी होतो हे खरंच, फक्त त्याचं कारण लांबचा रस्ता हे नाही. उलट आपल्या विमानांच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला तीन-चार मीटरला, पातळ सपाट किंवा अगदी किंचित बाकदार पंखच चांगला चालतो. पुस्तकातली आकृती बघून जाड, फुगीर पंख करणाऱ्या मुलांचं विमान जड होतं आणि लवकर खाली येतं.

आता कागद. झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅमचा) ए-फोर कागद ४.७ ग्रॅमचा असतो, ८० जीएसएमचा ५ ग्रॅमचा. काटा नसेल तरी हे हिशेबाने काढता येतं, कारण सोळा ए-फोर मिळून एक चौरस मीटर होतो. कागदाला तंतूंची दिशा असते. एकाच कागदातून दीड सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी; टोकाला धरून दोन्ही शेजारी शेजारी आडव्या धरा. जी कमी झुकते तिच्यात तंतू लांबीच्या दिशेने आहेत. त्या दिशेला समांतर घडी स्वच्छ पडते, आडवी घातलेली घडी फुगते आणि पुन्हा उघडू पाहते. आणि पावसाळ्यात हाच कागद वेगळा वागतो. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. कागद ती शोषतो, वजनात थोडी भर पडते, पण खरा तोटा ताठपणाचा होतो. सकाळी सरळ असलेली पंखाची मागची कड दुपारी लहरलेली दिसते. म्हणून पावसाळ्यात प्रकल्प करायचा तर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा, घडी घातल्यावर लगेच उडवावं, आणि वहीत तारखेबरोबर हवेचीही नोंद करावी. जूनमधली आणि जानेवारीतली मोजमापं एकाच आलेखात घालू नयेत.

तोल म्हणजे काय ते समजायला बाणासारखं विमान घेण्यापेक्षा एक साधी पट्टी घ्यावी. ए-फोरचा अर्धा तुकडा, २१० गुणिले १४८ मिलिमीटर. २१० मिलिमीटर ही पंखांची लांबी. तसाच सोडला तर तो गोते खात, गरगरत खाली येतो. कारण सपाट कागदाचा गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर असतो, तर हवेची उचल साधारण पुढच्या कडेपासून एक चतुर्थांशावर लागते. उचल पुढे, वजन मागे, म्हणजे नाक वर जाणार आणि सगळंच उलटणार. आता पुढच्या कडेला १० मिलिमीटरची घडी घाला, तिच्यावर पुन्हा तेवढीच, गुंडाळत न्या. दर घडीला पुढे वजन साठतं आणि मागची रुंदी कमी होते. हिशेब करून बघा: सहा घड्यांनंतर रुंदी ८८ मिलिमीटर उरते आणि गुरुत्वमध्य पुढून ३२ टक्क्यांवर येतो. आठ घड्यांनंतर २७ टक्के, नऊनंतर २५, दहानंतर २३. म्हणजे नवव्या-दहाव्या घडीच्या आसपास या कागदाने शहाणं व्हायला हवं. प्रत्यक्षात एखाददुसरी घडी इकडेतिकडे होते, कारण घड्यांना जाडी असते आणि पंख पूर्ण सपाट राहत नाही. ही घडी बहुधा तंतूंच्या आडवी पडते, त्यामुळे प्रत्येक वेळी स्टीलच्या पट्टीने दाबून घ्यावी लागते. शेवटी मध्यावर हलकी घडी घालून पंख समोरून पसरट व्हीसारखे दिसतील असे उचलायचे आणि मागची कड दोन मिलिमीटर वर वळवायची.

मुलांनी आधी आकडा काढावा, मग एकेक घडी वाढवत उडवून बघावं. सहाव्या घडीला कोलांटी, आठव्याला डुगडुग, आणि मग एका घडीनंतर तोच कागद खोलीच्या पार टोकाला जातो. गणिताच्या वहीतला सरासरीचा हिशेब आणि जमिनीवर पडलेला कागद यांचं असं जुळणं मूल एकदा बघतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मला तर वाटतं, बाकी काहीच केलं नाही आणि एवढंच केलं तरी प्रकल्प पूर्ण झाला.

नेहमीच्या टोकदार बाणाच्या विमानात पंख त्रिकोणी असतो. तिथे हाच चतुर्थांशाचा नियम लावला तर उचल टोकापासून साधारण निम्म्या लांबीवर येते. म्हणून त्या विमानाचा तोल निम्म्याच्या थोडा पुढे हवा. पोटाखाली पट्टीची धार धरून तोल बघता येतो. निम्म्याच्या मागे झुकत असेल तर नाकाला पेपरक्लिप लावल्याशिवाय ते सरळ जाणार नाही, कितीही सुबक घडी घातली तरी.

आता सगळ्यात नाजूक भाग, ट्रिम, म्हणजे विमान सरळ जावं म्हणून कडा आणि वजन यांत केलेले बारीक बदल. पहिली फेक हळू, खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून. ढकलून सोडायचं, भिरकवायचं नाही. जे दिसतं ते तीनपैकी एक असतं. विमान थेट खाली गेलं, तर मागची कड अर्धा-एक मिलिमीटर वर. ते वर चढलं, क्षणभर थबकलं, नाक टाकून घसरलं आणि पुन्हा चढलं, तर पंखाचा हवेशी कोन जास्त होऊन तो स्टॉल झाला, म्हणजे त्याची उचल एकदम घटली. मागची कड थोडी खाली आणा किंवा नाकाला वजन द्या. आणि एका बाजूला वळलं, तर मागून डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा. जवळजवळ नेहमी एक पंख पिळलेला सापडतो. पिळलेला पंख सरळ करायचा सोडून मुलं दुसरीकडे पेपरक्लिप लावतात. मग ते हळू फेकीत सरळ जातं आणि जोराच्या फेकीत भलतीकडे.

असं का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेक विमानं इथेच अडतात. वळवलेल्या कडेवरचं हवेचं बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं; वेग दुप्पट, तर बल चौपट. पेपरक्लिपचं वजन मात्र वेग कितीही असला तरी तेवढंच. समजा नाक जड केलं, मग विमान खाली जातं म्हणून मागची कड बरीच वर वळवली. आता एका ठरावीक वेगाला दोन्ही बरोबर एकमेकांना तोलतात आणि विमान छान तरंगतं. तेच जोरात फेकलं की कडेचं बल चौपट होतं, वजन तेच राहतं, आणि विमान सरळ वर जाऊन गोल फिरून फेकणाऱ्याच्याच पायाशी येतं. मुलांना वाटतं नाक हलकं झालं, ती आणखी एक क्लिप लावतात, मग आणखी कड वळवतात. दोन्ही दुरुस्त्या एकमेकींशी भांडत राहतात. उपाय उलटा आहे. क्लिप काढा, तोल थोडा मागे येऊ द्या, आणि कड अगदी कमी वळवा. विमान मग थोडं चंचल होतं, पण हळू आणि जोराच्या फेकीत त्याचं वागणं सारखं राहतं. तोल किती मागे नेता येतो याला सीमा आहे, आणि ती सीमा शोधणं हा स्वतंत्र प्रकल्प होऊ शकतो.

प्रकल्पाचा प्रश्न मात्र आधी ठरवायला हवा. सर्वांत चांगलं विमान कोणतं, हा प्रश्नच नव्हे. लांब जाणारं आणि जास्त वेळ हवेत राहणारं, ही दोन वेगळी विमानं आहेत. हवेत राहण्याचा विक्रम जपानच्या ताकुओ तोडा यांनी २०१० साली २९.२ सेकंदांचा केला. अंतराचा विक्रम २०१२ साली ६९.१४ मीटर होता आणि २०२२ च्या डिसेंबरात तो ८८ मीटरच्या पुढे गेला. वेळेचं विमान रुंद पंखांचं, जवळजवळ चौकोनी असतं आणि ते सरळ वर फेकतात. अंतराचं अरुंद, घट्ट घडीचं आणि ताठ. एकाच तक्त्यात दोघांची स्पर्धा लावून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एकच विमान, एकच बदल. मागची कड ०, १, २, ३ मिलिमीटर. किंवा पंखांचा उचललेला कोन. किंवा कागदाची जाडी.

मोजमापाला शाळेचा व्हरांडा उत्तम. पंखे बंद, दोन्ही टोकांची दारं बंद. लादी मोजपट्टीचं काम करते: नव्या इमारतींत बहुधा ६०० मिलिमीटरची चौकोनी लादी असते, जुन्या मोझॅकच्या लाद्या लहान असतात, पण एकदा एक मोजून घेतली की पुढचं सगळं मोजणीवर. मोबाइलवर सेकंदाला तीस चौकटींचा व्हिडिओ बाजूने घ्यावा. विमानाने एक ६०० मिलिमीटरची लादी सहा चौकटींत ओलांडली, तर वेग सेकंदाला ३ मीटर. मोबाइल जितका लांब ठेवता येईल तितका ठेवावा. जवळून घेतलं तर हवेतलं विमान आणि जमिनीवरची लादी यांची सांगड चुकते आणि वेग खरा असतो त्यापेक्षा जास्त येतो. दीड मीटर उंचीवरून सोडलेलं विमान दोन सेकंदांत सहा मीटर गेलं, तर ते सेकंदाला पाऊण मीटर खाली आलं आणि उंचीच्या चौपट लांब गेलं. हे गुणोत्तर हळू, सपाट सोडलेल्या विमानालाच लागू. जोरात फेकून आलेलं अंतर उंचीने भागलं तर ती विमानाची नाही, दंडाची ताकद असते.

प्रत्येक स्थितीत किमान दहा फेकी, आणि एकही खोडायची नाही. 'ही नीट गेली नाही' म्हणून वगळलेली फेकच पुष्कळदा काही सांगत असते. दहा आकडे चढत्या क्रमाने मांडून मधल्या दोहोंची सरासरी घ्यावी, म्हणजे एखादी भरकटलेली फेक सगळा निकाल ओढून नेत नाही. याहून महत्त्वाचा असतो क्रम. पहिल्या स्थितीच्या दहा फेकी आणि मग दुसरीच्या दहा असं केलं, तर दुसऱ्या स्थितीच्या वेळी नाक भिंतीवर आपटून चेपलेलं असतं, घड्या सैल झालेल्या असतात, फेकणाऱ्याचा हात बसलेला असतो. मग फरक कशामुळे पडला, काय सांगणार? एकाआड एक फेकावं: पहिलं, दुसरं, पहिलं, दुसरं. पाच फेकींनंतर नाक तपासायचं. हात काढून टाकायचा असेल तर रबरबँडचा सोडणारा करता येतो. लाकडी पट्टीच्या टोकाला खिळा, त्यात रबरबँड, आणि ताणायची खूण १५ सेंटिमीटरवर. नवा रबरबँड पहिल्या काही ताणांत जास्त कडक असतो आणि मग सैलावतो, म्हणून मोजणी सुरू करण्याआधी त्याला सात-आठ वेळा ताणून घ्यावं.

कागदावर हे सगळं हाताशी आलं की ग्लायडरकडे, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणाऱ्या विमानाकडे, जावं. पंख आणि शेपूट वेगळी झाली की ट्रिमचे सगळे भाग उघडे दिसू लागतात. बाल्सा हे हलकं लाकूड; तो मिळाला तर उत्तम, पण महाग पडतो आणि शिकाऊ हातात चटकन फुटतो. ३ मिलिमीटरचं डेप्रॉन, म्हणजे घट्ट पोताचं पातळ फोम, पुरतं. नुसतं दाणेदार थर्माकोल इतकं पातळ कापलं की तुटतं. शिवाय २०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटल्या आणि सजावटीच्या सामानावर बंदी आहे, तेव्हा प्रकल्पासाठी मुद्दाम थर्माकोल आणत बसू नये. अंगासाठी ३ मिलिमीटरची बांबूची काडी, २५० मिलिमीटर लांब. लहान ग्लायडरला खराट्याचा हीरही चालतो. तो निसर्गतःच निमुळता असतो, जाड टोक नाकाकडे आणि बारीक शेपटाकडे ठेवलं की मागचं वजन आपोआप कमी होतं.

एक चालणारं माप असं. पंख ३०० गुणिले ६० मिलिमीटर. आडवी शेपटी १०० गुणिले ४०, उभी ४० गुणिले ४०. पंखाची पुढची कड नाकापासून ४५ मिलिमीटरवर, शेपटी काडीच्या अगदी मागच्या टोकाला. पंखाच्या पुढच्या कडेखाली २ मिलिमीटर जाडीची पाचर, म्हणजे शेपटीच्या तुलनेत पंख दोन अंश वर राहतो. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून २० मिलिमीटर मागे यायला हवा. त्यासाठी नाकाला तीन-साडेतीन ग्रॅम क्ले लागतो. एकूण वजन सात ग्रॅमच्या आसपास. दहा ग्रॅमच्या वर गेलं तर गोंद जास्त झाला आहे. इथे एक हिशेब मुलांना करायला लावावा: शेपटाकडे १ ग्रॅम वाढला, तर तोल राखायला नाकावर किती? शेपटी तोलाच्या बिंदूपासून १६५ मिलिमीटर मागे, क्ले ६० मिलिमीटर पुढे. उत्तर पावणेतीन ग्रॅम. म्हणजे शेपटीवर तिरंगा रंगवायची हौस सगळं मिळून पावणेचार ग्रॅमला पडते, सात ग्रॅमच्या विमानात. रंगवायचंच तर पंखाच्या मध्यावर स्केचपेनने.

पंखाला व्ही आकार देणं हे कामातलं सगळ्यात जिकिरीचं. पंख मध्यावर नव्या ब्लेडच्या कटरने कापा. प्रत्येक अर्ध्याची कापलेली कड टेबलाच्या कडेशी आणा, बाहेरच्या टोकाखाली २५ मिलिमीटरचा ठोकळा ठेवा, आणि लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर उभा धरून कडेवरून हलका फिरवा. कडेला आपोआप बरोबर तिरकस उतार येतो. मग एक अर्धा सपाट ठेवून दुसऱ्याचं टोक ५० मिलिमीटर उचलायचं आणि जोडायचं. गोंद फेविकॉल, पातळ थर. फेविक्विक किंवा रबर सोल्युशन लावलं तर फोम विरघळून खड्डा पडतो. आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघावं, मुलांच्या ते कायमचं लक्षात राहतं. फोममधून पाणी बाहेर जात नाही, म्हणून दोन फोमच्या मधलं फेविकॉल फार सावकाश वाळतं. पावसाळ्यात एक रात्रही पुरत नाही. जोडाच्या खालून पातळ सेलोटेपची पट्टी मारली तर घाई झाली तरी पंख उघडत नाही. फेविकॉल वाळल्यावर त्याचं वजन जवळपास निम्मं होतं, तेव्हा तोल ओल्या जोडावर तपासू नये.

व्हीचं काम काय, तर विमान एका बाजूला कलंडून त्या बाजूला घसरायला लागलं, की खाली गेलेल्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते, त्याची उचल वाढते आणि विमान सरळ होतं. व्ही नसलेला ग्लायडर एकदा कलंडला की वळत वळत खालीच जातो. याचीही परीक्षा सोपी आहे: एक सपाट पंखाचा, एक व्हीचा, बाकी सगळं सारखं.

इतिहासाचा तक्ता लावायचाच असेल, तर मुंबईला तो जवळचा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, पस मॉथ या लहानशा विमानातून जुहूला उतरले. पण या प्रकल्पाशी ज्याचं नातं अधिक जवळचं, तो माणूस इंग्लंडमधला जॉर्ज केली. १८०४ मध्ये त्याने हाताने सोडायचा ग्लायडर केला: एक लांब काठी, तिच्यावर पंख म्हणून चक्क पतंग, मागे कोन बदलता येईल अशी शेपटी आणि पुढे सरकवता येणारं वजन. तोल आणि शेपटीचा कोन, दोन्ही बदलून तो उतार बघत होता. सातवीतली मुलं व्हरांड्यात करतात ते नेमकं हेच. संक्रांतीनंतर मुंबईतल्या घराघरांत उरलेले पतंग पडून असतात. त्यातला एक काठीवर बांधून केलीचा ग्लायडर पुन्हा उभा करणं हा सुंदर प्रकल्प होईल.

व्हरांड्यात सरळ जाणारा ग्लायडरच मैदानावर न्यावा. शिवाजी पार्क किंवा ओव्हलवर दुपारी समुद्रावरून वारा येतो, सेकंदाला चार-पाच मीटरचा सहज असतो, आणि आपला ग्लायडर स्वतः साडेतीन मीटरने चालतो. म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर सोडला तर जमिनीच्या हिशेबाने मागेच जाणार. हे विमानाचं अपयश नाही, वजाबाकी आहे. सकाळी सातच्या सुमारास, समुद्रावरचा वारा सुरू होण्याआधी, हवा शांत असते. तीच ट्रिमची वेळ. इमारतींच्या आणि झाडांच्या आडोशाला वारा कमी वाटतो, पण तिथे तो भोवऱ्यांनी भरलेला असतो. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट लांब उभं राहावं. दहानंतर जमीन तापली की गरम हवेचे स्तंभ उठतात. घारी पंख न हलवता जिथे गोल फिरतात, तिथे हवा वर जाते आहे. ग्लायडर त्या हवेत टिकायचा तर तोही गोल फिरायला हवा, म्हणून उभ्या शेपटीची मागची कड मिलिमीटरभर डावीकडे वळवतात. दोन मिलिमीटर वळवली तर गोल आवळत जातो आणि विमान नाकावर येतं.

मैदानावर विमान मोडणार. जोड सुटतो, नाकातला क्ले पडतो, काडी शेपटापाशी चिरते. चिरलेल्या काडीला बारीक दोरा गुंडाळून त्यावर फेविकॉलचं बोट फिरवलं की ती पुन्हा उभी राहते, पण शेपटाकडे अर्धा ग्रॅम वाढलेला असतो. क्लेचा डबा म्हणून सोबत हवा. दुरुस्ती झाल्यावर आधी वजन, मग २० मिलिमीटरवरचा तोल, मग मागून डोळ्यांच्या पातळीवर दोन्ही पंख, आणि मग गवतावर एक हळू फेक. वहीत त्या विमानाला नवा क्रमांक द्यावा, कारण त्याची आधीची मोजमापं आता त्याची राहिलेली नसतात.